सासूबाई म्हणतात "अंदाजाने घाल", ओसेची शिकायचं कसं?

मोगरा (५ डिसेंबर)

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय कारण खरंच मदत हवीये.

मी योकोहामात राहते, नवरा जपानी, लग्नाला अकरा वर्षं झाली, मुलगी नऊ वर्षांची आहे. सासूबाई ताकामात्सुला, म्हणजे कागावामध्ये, एकट्याच असतात, वय ७९. दर डिसेंबरच्या शेवटी आम्ही शिंकानसेनने ओकायामापर्यंत आणि तिथून मरीन लायनर गाडीने समुद्र ओलांडून त्यांच्याकडे जातो आणि पोचतो तोवर नवीन वर्षाचं सगळं जवळजवळ झालेलं असतं, जूबाकोचे तिन्ही डबे पुसून ओट्यावर मांडलेले, गॅसवर शेवटचं काहीतरी रटरटतंय. मी एवढी वर्षं गाजराची फुलं कापली, भांडी घासली आणि एक तारखेला सगळ्यांबरोबर बसून जेवले. शिकायला पाहिजे होतं, शिकले नाही, याचं आता फार वाईट वाटतंय.

कारण गेल्या महिन्यात फोनवर त्या सहज म्हणाल्या की मनगट फार दुखतं, कढई उचलवत नाही, यंदा तू कर, मी शेजारी खुर्ची टाकून बसते. फोन ठेवला आणि माझ्या पोटात गोळाच आला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ओसेची म्हणजे १ ते ३ जानेवारी खायचे ते एकावर एक रचलेल्या डब्यांतले पदार्थ. आधी करून ठेवायचे म्हणजे ते तीन दिवस चूल आणि घरातली बाई दोघींना विसावा. प्रत्येक पदार्थामागे काहीतरी मागणं असतं. कुरोमामे म्हणजे काळे सोयाबीन, 'मामे' म्हणजे दाणाही आणि धडधाकट, कष्टाळूही, म्हणून तब्येतीसाठी. काझुनोको म्हणजे हेरिंग माशाची अंडी, ती भरपूर मुलाबाळांसाठी. कमळकाकडीला आरपार भोकं, म्हणून पुढचं स्पष्ट दिसावं. कोळंबी का, तर पाठ वाकेपर्यंत आयुष्य मिळावं. हे सगळं मला तोंडपाठ आहे हो, करायचं कसं तेच माहीत नाही.

आणि विचारलं तर उत्तर काय मिळतं? शोयू (सोया सॉस) किती? "तेकितो." म्हणजे बेताने, योग्य तेवढं. साखर किती? "बघून." किती वेळ शिजवायचं? "झालं की कळतं." त्यांच्या घरात एक कान तुटलेला चहाचा कप आहे, माप म्हणजे तो कप, आणि तोही त्या कधी अर्धा भरतात कधी काठोकाठ. मी सांगितलं की बाजारात मापाचा कप २०० मिलीचा मिळतो, तर म्हणाल्या आमच्याकडे तांदळाचा १८० चा आहे की, तोच वापर. आता या दोन कपांच्या घोळात मी नामासूचं, म्हणजे मुळा-गाजराच्या आंबट कोशिंबिरीचं, व्हिनेगर कसं मोजू.

सगळ्यात मोठी काळजी ओझोनीची. कागावात ओझोनी म्हणजे मोचीचं (कुटलेल्या चिकट भाताच्या गोळ्यांचं) सूप इतरांपेक्षा एकदम वेगळं असतं, पांढऱ्या मिसोचं, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणाचं, सूप, गोल चकत्या केलेला दाइकोन म्हणजे मुळा आणि लालभडक किंतोकी गाजर, आणि आत जी गोल मोची असते तिच्या पोटात गोड आन, लाल बीन्सचं पुरण. मिसोची खारट-गोड चव आणि त्यात दात लावला की पुरण बाहेर येतं. पहिल्या वर्षी मला विचित्र वाटलं होतं, आता त्याशिवाय वर्ष सुरू झालंय असं वाटत नाही. नवरा तर म्हणतो बाकी काही नसलं तरी चालेल, हे पाहिजे.

आणि एक सांगते. जपानीत चवीला 'आजी' म्हणतात. लेक चार-पाच वर्षांची असताना तिने एकदा सूप पिऊन मला विचारलं होतं, आई, बाआचानला तू आजी म्हणतेस आणि याला पण आजी म्हणतात, एकच आहे का? तेव्हा मी हो म्हणून मोकळी झाले होते. ते वाक्य हल्ली सारखं आठवतंय.

तर तुमच्यापैकी कोणी जपानी घरात असं शिकलंय का? मापं कशी काढलीत? सगळं एका वर्षात शिकायचा हट्ट धरू का? लेकीला कुठलं काम देऊ?


कोबेकर (५ डिसेंबर)

मोगरा, धागा वाचून गलबललं गं. मी बावीस वर्षं कोबेत आहे, माझ्या सासूबाई जाऊन सहा वर्षं झाली, आणि मी त्यांच्याकडून धड फक्त दोन गोष्टी शिकले, कुरोमामे आणि ताताकी गोबो, म्हणजे ठेचलेल्या गोबो मुळांचा पदार्थ. त्यामुळे तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, सगळं एका वर्षात शिकायला जाऊ नकोस. डोक्यात गोंधळ होतो आणि त्यांनाही वाटतं की ही परीक्षा घ्यायला आलीय. एक-दोन पदार्थ घे, पण पूर्ण घे, भिजवण्यापासून डब्यात भरेपर्यंत.

आता मापं. तू त्यांना विचारूच नकोस. ज्या बाईने पन्नास वर्षं डोळ्यांनी मोजलंय तिला चमचे विचारले की ती गडबडते आणि काहीतरी सांगून टाकते, आणि ते चुकीचं असतं, मी हे भोगलंय. एक साधा इलेक्ट्रॉनिक काटा घेऊन जा. शोयूची बाटली त्यांनी हातात घ्यायच्या आधी काट्यावर ठेव, आकडा लिही. त्या हवं तेवढं ओततील, ओतू दे, मग बाटली परत काट्यावर. समजा ८१२ ची ७६४ झाली, म्हणजे ४८ ग्रॅम गेलं, शोयूचा मोठा चमचा १८ ग्रॅमचा धरतात, म्हणजे पावणेतीन चमच्यांच्या आतबाहेर. साखरेचा डबा, मिरिनची (स्वयंपाकाच्या गोड तांदळाच्या दारूची) बाटली, मिसोचा डबा, सगळ्यांना हाच नियम. त्यांचा हात अडत नाही आणि तुझा आकडा पक्का मिळतो. आणि भांड्यात पाणी किती होतं तेही लिही, लोक तेच विसरतात, आणि मग घरी आल्यावर म्हणतात चव का नाही आली.

दुसरं, चव गरम असताना घेऊ नकोस, किंवा घे पण थंड झाल्यावर परत घे. ओसेची थंड खायची असते आणि तीन दिवस टिकायची असते म्हणून ती जास्त गोड, जास्त खारट करतात. फ्रीज नव्हते तेव्हा साखर-मीठ हेच राखणदार होते. मी पहिल्या वर्षी गरम निशिमे (शिजवलेल्या भाज्या) चाखून वाटलं फार खारट झालं म्हणून पाणी घातलं, दुसऱ्या दिवशी एकदम सपक लागलं आणि सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त त्यांनी बशीत शोयू काढून घेतला.

कुरोमामेचं मात्र लिहूनच टाकते, कोणाला तरी उपयोगी पडेल. आमच्याकडे ३०० ग्रॅम तांबा भागातले दाणे, पाणी साधारण दोन लिटर, साखर २२० ग्रॅम, शोयू तीन मोठे चमचे, मीठ एक छोटा चमचा, अर्धा छोटा चमचा खायचा सोडा. हे पाणी उकळायचं, गॅस बंद, धुतलेले दाणे त्या गरम पाण्यातच टाकायचे आणि रात्रभर विसरायचं. सकाळी मंद, अगदी मंद आचेवर सहा ते आठ तास. फेस काढायचा, वर पातेल्यापेक्षा लहान लाकडी झाकण किंवा कागद थेट दाण्यांवर टेकवायचा, आणि पाणी कमी झालं की लगेच भर घालायची, दाणा एकदा जरी पाण्याबाहेर आला तरी सुरकुततो. झालं की त्याच पाण्यात गार होऊ द्यायचं, घाईने उपसायचं नाही.

आणि गंजलेले खिळे! सासूबाईंकडे चहाच्या जुन्या डब्यात सहा खिळे होते, फडक्यात बांधून पातेल्यात टाकायच्या. सालीतला रंग लोखंडाशी जुळला की दाणे असे काळेकुळकुळीत चमकतात. आता नान्बू भागातलं लोखंडाचं अंडं मिळतं त्यासाठी, ते घेतलं तरी काम तेच होतं. पण मी अजून ते खिळेच वापरते. डबा उघडला की त्यांच्या किचनचा वास येतो, निदान मला तरी येतो.

एक गंमतीची गोष्ट म्हणजे आमच्या इकडे कानसाईत दाणा गुळगुळीत फुगलेला हवा, आणि तोक्योकडच्या काही घरांत मुद्दाम सुरकुतलेला करतात, सुरकुत्या पडेपर्यंत जगा म्हणून. तेव्हा तुमच्या घरात कसा चालतो ते आधी विचारून घे.


तोक्यो_लोकल (६ डिसेंबर)

थोडं व्यवहाराचं लिहितो. सगळं घरी करायची गरज नाही, आणि असं समजू नका की जपानी घरांत सगळे सगळं घरीच करतात. डिपार्टमेंट स्टोअरची बुकिंग तर शरद ऋतूतच सुरू होतात, भरलेले डबे दहा-पंधरा हजार येनपासून पुढे कितीही. आमच्या घरी कामाबोको (माशाच्या वाटणाची वडी), दातेमाकी (अंड्याची गोड गुंडाळी) आणि कोबुमाकी (समुद्री वनस्पतीची गुंडाळी) विकत आणतो आणि तीनच गोष्टी घरी करतो. जुनी रीतच आहे, इवाई-झाकाना म्हणून तीन पदार्थ मानतात, ते आणि मोची असली की नवीन वर्ष झालं. कांतो म्हणजे तोक्योकडे कुरोमामे, काझुनोको आणि ताझुकुरी, कानसाईकडे ताझुकुरीच्या जागी ताताकी गोबो. ताई, तुम्ही पहिल्या वर्षी तीन धरा, बाकीचं विकतचं आणून त्यांच्याच जूबाकोत नीट मांडा. मांडणी पण शिकण्यासारखीच गोष्ट आहे, ती सासूबाईंना खुर्चीवरून सांगता येईल, त्याला मनगट लागत नाही.

२०१३ साली युनेस्कोने वाशोकूला, म्हणजे पारंपरिक जपानी जेवणाला, अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं तेव्हा नावातच नवीन वर्षाच्या सणाचा उल्लेख आहे, त्यामुळे दर वर्षी टीव्हीवर कौतुक चालू असतं. पण माझ्या ऑफिसातल्या निम्म्या तरुण मंडळींना ताझुकुरी म्हणजे काय हे माहीत आहे आणि कसं करतात ते माहीत नाही. वाळवलेले बारीक मासे कोरड्या तव्यावर मंद परतायचे, एक मासा बोटांत धरून मोडला की कट्कन आवाज आला पाहिजे, मगच साखर-शोयूच्या पाकात. नाव 'शेत करणे' असं का, तर पूर्वी हेच मासे भातशेतात खत म्हणून टाकत, म्हणून पीक चांगलं यावं हे मागणं. कट्कन हा आवाज मला माझ्या बायकोच्या आत्याने ऐकवला होता, फोनवरून, तिच्या तव्याजवळ फोन धरून.


उत्तरेचा_वारा (६ डिसेंबर)

मोगराताई, एक बोलू का, रागावू नका. तुमच्या सगळ्या पोस्टमध्ये तुमचे मिस्टर फक्त खाताना दिसले. त्यांच्या आईची चव आहे ती, त्यांनीही ओट्याशी उभं राहायला हवं. मला हे फार मनापासून वाटतं कारण माझ्या घरी ही गोष्ट पुरुषाकडून पुरुषाकडे आलीय.

मी नीगाताला राहतो, बायको इथली, सासरे मुराकामीचे. मुराकामी म्हणजे सॅमनचं गाव. जपानच्या पूर्वेकडे वर्षाच्या शेवटच्या रात्री सॅमन खातात, पश्चिमेकडे बुरी, म्हणजे यलोटेल, हे तुम्हाला तिकडे दिसत असेलच. तर सासरे दर नोव्हेंबरात एक अख्खा सॅमन आणतात. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी त्यांनी मला अंगणात बोलावलं, हातात मिठाचं पातेलं दिलं आणि म्हणाले चोळ. एवढंच. किती चोळू विचारलं तर त्यांनी माझा हात धरला आणि माझ्याच हाताने शेपटीकडून डोक्याकडे, खवल्यांच्या उलट, चोळायला लावलं. तीन-चार वेळा त्यांच्या हाताखाली माझा हात फिरला, मग त्यांनी हात काढून घेतला. तो दाब मला आजही आठवतो, त्याला ग्रॅम नाहीत.

तिथली एक रीत म्हणजे माशाचं पोट पूर्ण चिरत नाहीत, मध्ये थोडा भाग तसाच जोडलेला ठेवतात. गाव किल्ल्याचं, सामुराईंचं, पोट चिरणं म्हणजे हाराकिरीची आठवण, ती नको म्हणून. मग साधारण आठवडाभर मिठात, मग पाण्यात ठेवून जादा मीठ उतरवायचं, मग थंड वाऱ्यात डोकं खाली करून टांगायचं. अंगणातून जाता येता त्याच्याकडे बघायचं, वास घ्यायचा. सासरे रोज सकाळी कोट चढवून त्याला हात लावून येतात.

त्यांना दोन मुली, मुलगा नाही. मला वाटायचं की बाहेरच्या देशातून आलेल्या जावयाला ते हे देणार नाहीत. गेल्या वर्षी त्यांनी चाकूला हातच लावला नाही, मी केलं, ते स्टुलावर बसून बघत होते. आणि आमच्या ओझोनीवर लाल इकुरा, म्हणजे सॅमनची अंडी, घालतात, ते घालताना त्यांनी पहिला वाडगा माझ्यापुढे सरकवला. आमच्याकडे पहिला वाडगा नेहमी त्यांचा असतो. मी काही बोललो नाही, त्यांनीही काही म्हटलं नाही.

तेव्हा मिस्टरांना उभं करा. मिसो ढवळायला तरी.


अर्धी_मराठी (८ डिसेंबर)

नमस्कार काकू. माझी आई मराठी, बाबा जपानी, वाढले चिबामध्ये, वय २६. मराठी आईकडून शिकलेय त्यामुळे लिहिण्यात चुका झाल्या तर समजून घ्या. मी नातीच्या बाजूने लिहिते.

माझी बाआचान फुकुओकाची. तिच्याकडे ओझोनीत बुरी, कात्सुओना नावाची हिरवी पालेभाजी आणि सूप आगोचं, म्हणजे वाळवलेल्या उडत्या माशाचं. मी लहानपणापासून तिच्या ओट्याशी स्टुलावर उभी राहायचे आणि माझं काम एकच, कोन्न्याकू. करड्या रंगाची ती थुलथुलीत वडी असते ना, तिची पातळ चकती करायची, मधोमध उभी चीर द्यायची, दोन्ही टोकं सोडून, आणि एक टोक त्या चिरेतून खालून वर ओढून घ्यायचं, की आपोआप लगामासारखा पीळ पडतो. ओले, गार, बोटांतून निसटणारे तुकडे, एकदा जमलं की थांबावंसं वाटत नाही. सहा वर्षांची असताना मी पहिली चकती फाडली तेव्हा तिने ती फाटकी चकती पण भांड्यात टाकली आणि एक तारखेला ती शोधून स्वतःच्या ताटलीत घेतली. काकू, तुमच्या मुलीला हे काम द्या. नऊ वर्षांच्या मुलीला चाकू पण चालेल, चीर तिलाच देऊ द्या.

बाआचान तीन वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये गेली. त्या वर्षी मोच्यू, म्हणजे घरात मृत्यू झाला की नवीन वर्ष साजरं करत नाहीत, शुभेच्छांची कार्डं नाहीत, लाल-पांढरं कामाबोको नाही, दारात सजावट नाही. तर आम्ही नेहमीचा भात-सूप खाल्लं आणि गप्प बसून टीव्ही बघितला. ते कळण्यासारखं होतं. पण पुढच्या वर्षी आम्ही सगळे किचनमध्ये उभे राहिलो आणि कोणालाच आठवेना की आधी काय करायचं. एक वर्ष मध्ये गेलं आणि दोरा तुटला. बाबा नुसते कपाटं उघडत होते.

तेव्हा आत्याला तिची वही सापडली. मला वाटलं आता सगळं मिळालं. पण त्यात मापं नव्हतीच. दर वर्षाचं एक पान, किती माणसं आली, कमळकाकडी यंदा कडक निघाली, गोबो दोन जास्त घ्यायला हवे होते, चिबाच्या मुलांना काझुनोको आवडत नाही. एका पानावर लिहिलं होतं की नातीने पीळ छान घातले. ते वाचून मी खूप रडले, पण त्यावरून गामेनी, म्हणजे तिकडचा चिकन-भाज्यांचा पदार्थ, कसं करायचं ते कळेना. मग आत्या फुकुओकाहून व्हिडिओ कॉलवर, आम्ही इथे, भाजी आधी तेलात परतायची की नाही यावर अर्धा तास, तिला आठवलं की परतायची, कारण लहानपणी तेल उडून तिचा हात भाजला होता. असं एकेक करून जमवलं. चव पूर्ण तशी नाही, जवळपास आहे.

म्हणून तुम्हाला सांगते, काट्यावर मोजा, कोबेकर काकू बरोबर सांगतात. पण त्याच वहीत कोण आलं, काय कडक निघालं, कोण काय बोललं, ते पण लिहा. आणि सा-शि-सु-से-सो तुम्हाला माहीत असेल, सातो म्हणजे साखर आधी, मग शिओ मीठ, सु व्हिनेगर, मग शोयू, शेवटी मिसो, साखर मुरायला वेळ लागतो म्हणून ती पहिली. बाआचान हे गाण्यासारखं म्हणायची. त्यांना म्हणायला सांगा आणि रेकॉर्ड करा. आवाज पण ठेवा. माझ्याकडे तिचा आवाज नाहीये.


मोगरा (८ डिसेंबर)

तुम्हा सगळ्यांचे कसे आभार मानू. अर्धी_मराठी, बाळा, तुझं मराठी माझ्या लेकीपेक्षा कितीतरी छान आहे, तुझी पोस्ट मी तिला वाचून दाखवली आणि आम्ही काल कोन्न्याकू आणून सराव केला, नऊ फाटले, बाराव्यापासून जमायला लागलं. उत्तरेचा_वारा दादा, रागावले अजिबात नाही, तुमचं लिहिलेलं मी नवऱ्याला तोंडी भाषांतर करून सांगितलं, तो बराच वेळ काही बोलला नाही, मग उठून ऑफिसला २७ पासून सुट्टी टाकली. काटा घेतलाय. जाऊन आले की लिहिते.


मोगरा (५ जानेवारी)

सांगितल्याप्रमाणे लिहायला आलेय. लांब होईल, पण सांगायचं खूप आहे.

आम्ही २८ लाच पोचलो कारण मोची २८ ला करायची असते, २९ ला करत नाहीत, नऊचा उच्चार 'कु' म्हणजे दुःख, आणि ३१ ला केली तर एका रात्रीची म्हणून अशुभ. सासूबाईंकडे उखळ-मुसळ आता नाही, मशीन आहे, पण गोळे हातानेच वळायचे. गरमागरम भाताचा तो लगदा हातावर घेऊन मध्ये आनचा गोळा ठेवून बंद करायचा, हात पोळतात, त्या मात्र दुखऱ्या मनगटानेही दोन बोटांनी अशी चिमटी घेत होत्या की तोंड कुठे मिटलं ते दिसत नव्हतं. माझ्या पहिल्या चारपाच फुटल्या. लेकीच्या नाही फुटल्या. लहान हात असल्यामुळे असेल.

काट्याचं सांगते. पहिल्यांदा बाटली काट्यावर ठेवली तेव्हा सासूबाईंचा चेहरा पडला, मला वाटलं संपलं सगळं. मी म्हणलं ओकाआसान (आई), तुम्ही ओता, मला फक्त तुमचा हात लिहून ठेवायचाय. मग काही बोलल्या नाहीत. पण नामासूच्या वेळी व्हिनेगर ओतून झाल्यावर त्यांनीच बाटली परत काट्यावर ठेवली आणि विचारलं, किती झालं? आणि त्यानंतर प्रत्येक वेळी आधी स्वतः अंदाज सांगायच्या, साठ असेल, आणि काटा ५८ किंवा ६१ दाखवायचा. एकदाही पाचच्या वर चुकल्या नाहीत. नवरा तर बघतच राहिला, आईला आयुष्यभर ओळखतोय आणि हे कधी पाहिलं नव्हतं म्हणाला.

त्याने दाशीचं, म्हणजे सूपच्या मूळ पाण्याचं, काम घेतलं. कागावात कात्सुओबुशीपेक्षा (सुकवलेल्या बोनिटो माशाच्या किसापेक्षा) इरिको, वाळवलेले छोटे मासे, त्यांची डोकी आणि पोटातला काळा भाग काढायचा नाहीतर कडू होतं. तो जमिनीवर वर्तमानपत्र पसरून बसला आणि तासभर डोकी मोडत होता आणि सासूबाई खुर्चीवरून बघत होत्या. ओझोनीसाठी भाज्या गोलच कापायच्या, घरात सगळं गोल म्हणजे सुरळीत राहावं म्हणून, मोची वेगळ्या पाण्यात मऊ करायची, आणि मिसो शेवटी, त्यानंतर उकळी नाही. पाच जणांना मिसो १८५ ग्रॅम, शेजारच्या मामी पण आल्या होत्या. हे आता वहीत आहे.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. ३१ च्या रात्री नवरा चॉपस्टिकच्या कागदी पाकिटांवर सगळ्यांची नावं लिहीत होता, आणि लेकीने सहज विचारलं, बाआचान, मोचीत पुरण घालायचं तुला कोणी शिकवलं, तुझ्या आईने? तर सासूबाई म्हणाल्या, नाही, माझी आई तर हे खायचीच नाही.

त्या ओकायामाच्या आहेत. म्हणजे समुद्राच्या पलीकडच्या. मला माहीत होतं की माहेर तिकडचं, पण मी कधी विचारच केला नव्हता. तेव्हा १९८८ चा सेतो ओहाशी पूल नव्हता, तिकडच्या उनो बंदरातून ताकामात्सुला फेरी चालायची, त्या फेरीने त्या नवरी म्हणून आल्या. त्यांच्या माहेरी ओझोनी म्हणजे शोयूचं पारदर्शक सूप आणि त्यात बुरीचा तुकडा. पहिल्या १ जानेवारीला सासूने पुढ्यात पांढऱ्या मिसोचा वाडगा ठेवला, त्यांनी मोची चावली आणि आतून गोड आन आलं, तर त्यांना घराची इतकी आठवण आली की त्या मागच्या दारी जाऊन उभ्या राहिल्या. आणि मग शिकल्या. त्यांच्या सासूनेही मापं सांगितली नव्हती, तो कान तुटलेला कप त्या सासूचा आहे. मी अकरा वर्षं ज्याला या घराची चव म्हणत होते ती त्या माझ्यासारख्याच बाहेरून येऊन शिकल्या होत्या. नवऱ्यालाही हे माहीत नव्हतं.

मी विचारलं, मग तुमच्या आईचं बुरीचं ओझोनी? म्हणाल्या, या घरात कधी केलं नाही. सासू असताना प्रश्नच नव्हता, नंतर सवय राहिली नाही.

एक तारखेला आनमोची झालं, छान झालं, नवऱ्याने दोन वाडगे घेतले आणि म्हणाला चव तीच आहे. दोन तारखेला सकाळी तो मासे घ्यायला गेला, नेहमीचं दुकान बंद होतं, सुपरमार्केट एक उघडं होतं, तिथून बुरीचे सहा तुकडे आणले. सासूबाई म्हणत होत्या नको, मला आठवत नाही. मी काटा ठेवला ओट्यावर. माशाला मीठ लावलं, गरम पाणी ओतून घेतलं, पालक उकडला, पुरण नसलेली मोची फ्रीजमधून काढली. त्या खुर्चीवरून उठल्या आणि येऊन उभ्या राहिल्या. शोयूची बाटली त्यांनीच उचलली, दोन्ही हातांनी. ओतताना मध्येच थांबल्या.

लेकीने पळीत थोडं सूप घेऊन पुढे धरलं. त्यांनी फुंकर मारून चाखलं, डोळे मिटले, आणि बराच वेळ तशाच उभ्या होत्या, आम्ही कोणी हाललो नाही. मग म्हणाल्या, अजून थोडं हवं. आणि लेक काट्याकडे बघून वहीत लिहायला लागली.